शालूकाकूंचे शनिवार

शालूकाकू पांढरीपांडे म्युझियमच्या कुठल्याही दालनात शिरल्या की आधी बाक शोधत. सापडलं की स्वतः बसून बघत, थोड्या डावीकडे सरकत, थोड्या उजवीकडे, आणि मग दारात घोळका करून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मंडळींना हात करून बोलावत. "या, बसा. पाठ नाहीये याला, पण रुंद आहे." मंडळी आपापले स्वेटर, शाली, पिशव्या सावरत येऊन बसत. समोर भिंतीवर कुणीतरी तीनशे वर्षांपूर्वी जीव ओतून केलेलं काम टांगलेलं असे. काकूंची नजर त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जाई. घरच्या बाईनं सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर स्वतःच्या पानाकडे बघावं, तशी.

न्यूयॉर्कमधली सगळी मोठी म्युझियमं त्यांना बाकांवरून आणि बाथरूमवरून पाठ होती. त्यांची खरी नावं त्या कधी घेत नसत. पार्काला लागून असलेलं अवाढव्य म्युझियम म्हणजे 'मोठं घर'. गोल गोल चढत जाणारं ते 'शंख'. तिथं त्या वर्षातून एकदाच नेत, कारण उतारावर म्हाताऱ्या माणसांचे गुडघे धरतात. एका जुन्या धनाढ्याच्या राहत्या घरात केलेलं म्युझियम म्हणजे 'शेटजींचा बंगला', आणि आधुनिक चित्रांचं ते 'कोरं'. "आज कोऱ्यात जाऊ, तिथं गर्दी कमी असते," असं त्या यजमानांना सांगत तेव्हा नव्या माणसाला काही कळत नसे.

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं. मी न्यू जर्सीत पिस्कॅटवेला सिरॅमिक्समध्ये पीएचडी करत होतो. काकू आमच्या अपार्टमेंट्सच्या मागच्या रस्त्यावर राहत. मूळच्या नागपूरच्या, धरमपेठेतल्या. त्यांचे यजमान वसंतकाका औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते. मुलगी नीता तिथंच जन्मलेली, हायस्कूलमध्ये जाणारी, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. आडनाव अमेरिकन माणसांना झेपत नसे, म्हणून म्युझियमचे गार्ड काकूंना 'मिसेस पी' म्हणत. काकू त्यांची विचारपूस करत, आणि एखाद्या दालनातलं बाक हलवलेलं दिसलं तर जाबही विचारत.

त्या काळी आमच्या लोकांत एक रीत पडली होती. मुलाला नोकरी लागली, किंवा स्टायपेंडमध्ये दोन माणसांचं भागेल असं वाटलं, की आईवडिलांना सहा महिन्यांसाठी बोलवायचं. विमानतळावर सहा महिन्यांचा शिक्का मिळायचा. पहिले पंधरा दिवस नायगारा, स्वातंत्र्यदेवी, उंच इमारतीवरून खाली बघणं. मग मुलगा कामावर, सून कामावर, आणि आईवडील अपार्टमेंटमध्ये. बाहेर पायी जावं असं काही नाही. फोन वाजला तरी उचलायची भीती, टीव्हीवरचं इंग्रजी कळायचं नाही. काकू याला 'मानाची कैद' म्हणत. शनिवारी सकाळी त्या आपली लांबलचक स्टेशन वॅगन घेऊन घरोघर फिरत आणि अशा कैद्यांना गोळा करून न्यूयॉर्कला नेत. कधीमधी सामान उचलायला मीही सोबत जात असे.

म्युझियमच का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. मला वाटलं, कलेविषयी काही बोलतील. त्या म्हणाल्या, "न्यूयॉर्कात दिवसभर उबेत बसू देणाऱ्या जागा दोनच. चर्च आणि म्युझियम. चर्चमध्ये जोगळेकरांचे अण्णा येत नाहीत." वसंतकाका पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, मॉलमध्ये ने ना, तिथंही ऊब असते. काकू उसळल्याच. "मॉलमध्ये विकत घेतल्यासारखं करावं लागतं. इथं नुसतं बघितल्यासारखं केलं की होतं. तुम्हाला कळायचं नाही ते, तुम्ही तर घरातही बघितल्यासारखंच करता."

काकूंचं ड्रायव्हिंग भयंकर होतं. बोगदा आला की त्या बोलायचं थांबत नसत, उलट आवाज चढवत. मागे बसलेल्या दोन-तीन आज्या पदर तोंडाला लावून स्तोत्र पुटपुटत. स्वभावही हुकमी. कुणी म्हणालं, आज पाय दुखतोय, नको, तर "घरी बसून काय कमी दुखणार आहे बाप्पा?" असं म्हणून त्या स्वतः त्याचे बूट काढून समोर ठेवत. दुपारचं जेवण गाडीत. पोळ्यांच्या गुंडाळ्या, दह्याच्या रिकाम्या डब्यातून आणलेला दहीभात, लिंबाचं लोणचं. थंडीच्या दिवसांत काचांवर वाफ धरे आणि मॅनहॅटनच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या गाडीला हिंगाचा वास येई.

जोगळेकरांचे अण्णा रत्नागिरीचे निवृत्त हेडमास्तर. पहिल्याच खेपेला 'मोठ्या घरा'त एका भल्यामोठ्या चित्रासमोर आले आणि तिथल्या तिथं पाठ फिरवून उभे राहिले. चित्रात चार-पाच बाया झऱ्याकाठी निजल्या होत्या, अंगावर काही नव्हतं. अण्णा म्हणाले, सहकुटुंब बघण्याची ही जागा नव्हे. काकूंनी त्यांना दंडाला धरून बाकावर बसवलं. "अण्णा, तुम्ही डोळे मिटून बसा. त्यांनी कपडे घातले की मी सांगते." सगळं बाक हसलं. अण्णा रागावून बसले ते बसलेच. पण बऱ्याच वेळानं मी पाहिलं तर डोळे उघडे होते, आणि ते शेजारच्या आजोबांना सांगत होते की मागचं ते झाड बघा, पानं कशी वाऱ्यानं उलटी झाली आहेत. पुढं अण्णा इतके रमले की त्यांना इथला वसंत ऋतू बघायचा होता. काकूंनीच अण्णांच्या मुलाला, जोगळेकरांना धरून त्यांच्या मुक्कामाची मुदत वाढवून घेतली. अर्ज करा, कारण द्या, मिळतं, असं त्या सगळ्यांना सांगत.

चित्राखालची पाटी त्यांनी कधी वाचली नाही. "पाटी वाचली की मग पाटीच दिसते," असं म्हणत. कुणी काय बघावं, हेही सांगत नसत. एकच नियम होता. परतताना गाडीत प्रत्येकानं आज दिसलेली एक गोष्ट सांगायची. रिकाम्या हातानं घरी जायचं नाही. मग मागच्या सीटवरून आवाज येत. एक आजी म्हणे, त्या टेबलावरचं लिंबू, अर्धं सोलून कुणी उठून गेलं असेल? दुसरे आजोबा म्हणत, त्या सरदाराच्या घोड्याला मालकापेक्षा जास्त अक्कल दिसते. काकू आरशातून मागे बघत आणि दाद देत. तेवढ्यात गाडी लेन सोडून जाई.

आता माझ्या आईविषयी. इतका वेळ मी काकूंविषयी लिहितो आहे, पण हे लिहायला बसलो ते आईमुळे. गेल्या हिवाळ्यापर्यंत हे मी काकू सोडून कुणाशी बोललो नव्हतो. बायकोशीही नाही.

बाबा गेले त्या वर्षी ऑगस्टमध्ये मी आईला मिरजेहून बोलावून घेतलं. मिरजेचं घर काकांचं. बाबा होते तोवर आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा गेल्यावर तिची कॉट मधल्या खोलीत आली. सगळ्यांची जाण्यायेण्याची वाट तिथूनच. मी घरी होतो त्या महिन्याभरात मी पाहिलं होतं, आई बसली की कुणीतरी तिला उठवायचं. वहिनी, जरा दार बघा. वहिनी, दूध उतू जातंय का? कुणी वाईट वागत नव्हतं. पण ती बसलेली कुणाला बघवतही नव्हती.

पिस्कॅटवेला ती बसायची, आणि बोलायची नाही. मी सकाळी लॅबमध्ये जायचो, भट्टीत नमुने लावायचे, काढायचे, तपासायचे. संध्याकाळी कॅम्पसच्या बसमधून उतरलो की आमच्या खिडकीत ती उभी दिसायची. पार्किंग लॉटकडे तोंड करून. कधीपासून उभी असायची कुणास ठाऊक. वर गेलो की पान वाढलेलं. "आलास?" एवढंच. खिडकीतली ती आकृती दिसली की माझी पावलं जड व्हायची. दोन-तीनदा तर मी तसाच पुढच्या बसनं लॅबमध्ये परत गेलो आणि उगाच भट्टीजवळ बसून राहिलो.

काकूंना बातमी लागलीच. एका शनिवारी त्या दारात उभ्या. आईचे बूट त्यांनीच शोधून काढले. आणि मला म्हणाल्या, "तूही चल. पहिल्या दिवशी पोरगा सोबत पाहिजे. शाळेत नाही का आणून सोडत?" मला काम होतं, पण काकूंना नाही म्हणणं सोपं नव्हतं.

'मोठ्या घरा'त शिरताना पत्र्याचा एक रंगीत बिल्ला देत, कपड्याला लावायला. आईनं तो पदराच्या काठाला लावला. मग एका दालनात, कोण कुठल्या काळच्या पांढरी टोपी घातलेल्या म्हाताऱ्या बाईच्या चित्रासमोर काकूंनी तिला बसवलं. बराच वेळ गेला. आणि आई म्हणाली, "हिची दाढ दुखते आहे."

काकू लगेच तिच्या शेजारी येऊन बसल्या. "कोणत्या बाजूची, इंदूताई?"

"डावीकडची. बघा ना, गाल कसा आत ओढून धरलाय. आणि हा बसवतोय हिला चित्र काढायला."

दोघी हसल्या. पहिल्यांदा हळू, मग जरा जास्तच, इतक्या की गार्ड येऊन बघून गेला. बाबा गेल्यापासून मी आईला हसताना पाहिलं नव्हतं. हे मला तेव्हा जाणवायला हवं होतं. मी घड्याळाकडे बघत होतो.

त्यानंतर मी गेलो नाही. जायची गरज उरली नाही. शनिवारी आई पहाटेच उठून पोळ्या करून तयार असायची. पुढच्या सीटवर काकूंच्या शेजारची जागा तिची झाली. थकलेल्या मंडळींजवळ थांबायचं कामही तिच्याकडे आलं. वसंतकाका सांगत, तुझी आई एकटीच या दालनातून त्या दालनात जाते, हरवते, आणि हरवली तरी घाबरत नाही. काकूंशी अहो-जाहो गेलं, 'शालू' आणि 'इंदूताई' झालं. संध्याकाळी मला वाढताना ती सांगायची आणि मी जेवता जेवता हं हं म्हणायचो. एकदा म्हणाली, "आज एक चित्र होतं, नुसतं निळं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी दुपारभर बसले त्याच्यासमोर."

"आवडलं?" मी विचारलं.

"आवडायचं काय त्यात? पण कुणी उठवलं नाही."

जानेवारी लागला. फेब्रुवारीत तिचे सहा महिने भरत होते. आई सरळ काही मागणारी नव्हती. एके दिवशी म्हणाली, इथली थंडी मला काही बाधत नाही बघ. दुसऱ्या दिवशी म्हणाली, नीता सांगत होती, एप्रिलमध्ये इथं झाडांवर पानांच्या आधी फुलं येतात. मी पेपर वाचत होतो. तिला काय म्हणायचं आहे ते मला पुरतं कळलं होतं. मी मान वर न करता म्हणालो, "सहा महिन्यांच्या पुढं सरकार राहू देत नाही, आई."

ती म्हणाली, "हो का." आणि कढई घासायला लागली.

ते खोटं होतं. जोगळेकरांच्या अण्णांची मुदत वाढलेली मला माहीत होती. मला नुसतं एक कारण लिहून अर्ज पाठवायचा होता.

लोकांना वाटेल, काहीतरी मोठं कारण असेल. एखादी मुलगी, पैशांची ओढाताण, शिक्षणाचा प्रश्न. यातलं काही नव्हतं. थीसिस होता, पण आईनं कधी त्यात अडथळा आणला नाही. मला फक्त कुणीतरी आपली वाट बघतं आहे, हे सोसत नव्हतं. रिकाम्या खिडकीखालून वर जायचं होतं, आणि गार भात उभ्यानं खायचा होता. एवढ्यासाठी मी तिला मिरजेच्या मधल्या खोलीत परत पाठवलं.

पुढच्या शनिवारी काकूंनी मला जबरदस्तीनं सोबत घेतलं. 'कोऱ्या' म्युझियममध्ये एक खोली होती. तिच्या भिंती भरून नुसतं पाणी रंगवलेलं, त्यावर कमळाची पानं, ढगांची पडछाया, काठ कुठंच नाही. मधोमध बाक. आई आणि काकू शेजारी बसल्या, मी त्यांच्या मागे उभा. बाकीची मंडळी पलीकडे होती. आई पाण्याकडे बघत होती. बघता बघता तिनं विचारलं, "शालू, सहा महिन्यांचं ते वाढवून मिळतं का गं?"

काकूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मोठा बोलका होता, आलेला राग कधी लपायचा नाही. तेव्हा त्यात काहीच दिसलं नाही. त्या परत पाण्याकडे वळल्या.

"मिळायचं पूर्वी," त्या म्हणाल्या. "आता फार कडक करून ठेवलंय हो सगळं. नाही मिळत."

"अविनाशही तेच म्हणाला," आई म्हणाली. मग तिनं काकूंचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

निघताना कोट घ्यायच्या काउंटरपाशी काकूंनी मला बाजूला घेतलं. "काहून बोललास रे असं?" मी म्हणालो, थीसिस संपवायचा आहे, काकू. त्या म्हणाल्या, थीसिस काय, सगळ्यांचाच असतो. मग माझ्या कोटाची कॉलर सरळ करत, अगदी हळू, "खोटं तू बोललास आणि पुरं मला करावं लागलं. आता राहिलेले शनिवार तरी तू यायचं. सबब नको."

मी एका शनिवारी गेलो. पुढच्या शनिवारी भट्टीचं कारण सांगितलं. त्या दिवशी काकूंनी तिला एकाच दिवसात 'शेटजींचा बंगला' आणि 'मोठं घर' दोन्ही दाखवलं. ज्या ज्या बाकावर ती बसली होती त्या प्रत्येकावर तिला पुन्हा बसवून आणलं, असं वसंतकाकांनी मला नंतर सांगितलं. ते म्हणाले, मी थकलो, त्या दोघी नाही थकल्या.

विमानतळावर काकूच घेऊन गेल्या. आई टम्म फुगलेल्या सुटकेसशेजारी उभी होती, साडीवर माझा जुना कोट. मी काहीतरी बोलत होतो, सीटचं, बदलायच्या विमानाचं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता तुला मोकळं वाटेल." टोमणा नव्हता त्यात. परतीच्या वाटेवर काकूंनी बोगदा गप्प बसून पार केलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

मी मिरजेला गेलो की नातेवाईक मला भेटून अमेरिकेच्या सरकारला नावं ठेवत. आई सगळ्यांना एकच सांगायची. अविनाश राहाच म्हणत होता, सरकारनं राहू दिलं नाही. काही वर्षांनी ती गेली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. काका मला जवळ घेऊन म्हणाले, तुझी किती इच्छा होती तिला ठेवून घ्यायची, वहिनी नेहमी सांगायची, पण सरकारपुढं कुणाचं काय चालतं? मी मान हलवली. मधल्या खोलीतली कॉट उभी करून भिंतीला लावली होती.

काकूंना मी नंतर टाळत गेलो. पदवी मिळाली, मॅसॅच्युसेट्सला श्रूजबरीत स्थायिक झालो. त्यांच्या शनिवारच्या फेऱ्या पुढंही बरीच वर्षं चालल्या, असं कानावर यायचं. दिवाळीला त्यांचा फोन यायचा. मी बायकोच्या हातात द्यायचो. मुलगी म्युझियमला न्या म्हणाली की मी बायकोला पुढं करायचो.

वसंतकाका गेले तेव्हा भेटायला गेलो, पण घर माणसांनी भरलेलं होतं. पुन्हा गेलो ते पुढच्या वर्षी, एकटाच. काकू आता नीताकडे राहत होत्या. नीता वकील झाली होती. गुडघ्यांनी काकूंना घरात बसवलं होतं. "मीच आता कैदेत आहे बाप्पा," म्हणाल्या. नीतानं "आई, डोन्ट स्टार्ट," म्हणून आमच्यासमोर चहा ठेवला आणि ती आपल्या कामाला गेली. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग मी एकदम म्हणालो, "काकू, आईचं ते तेव्हा वाढवून मिळत होतं."

"मला माहीत नाही होय?"

"आईला कळलं होतं का?"

काकूंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "अण्णांची मुदत वाढवून घेतली ती गोष्ट मी इंदूताईला कधीच सांगून बसले होते. आल्या आल्या. तिला सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी पाण्याच्या खोलीत ती मला विचारत नव्हती रे. तू मागे उभा होतास. तुझ्यासमोर तिला माझ्या तोंडून 'नाही' हवं होतं. गावी जाऊन सांगायला. पोरानं ठेवून घेतलं नाही, हे तिला कुणाला सांगायचं नव्हतं. माझा हात तिनं धरला ना, तेव्हा मला कळलं, मी बरोबर बोलले."

मी विचारलं, मग तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं? कोटाच्या काउंटरपाशी सांगायचं होतं. मी अर्ज केला असता.

"केला असतास," काकू म्हणाल्या. "लाजेनं केला असतास. तिला ते नको होतं. कुणी लाजेकाजेस्तव ठेवून घ्यायला तिच्या दिराचं घर होतंच की."

त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली आणि माझ्या मुलीची चौकशी केली, ती काय शिकते, मराठी बोलते का. माफी त्यांनी दिली नाही. ती त्यांची नव्हतीच द्यायला, आणि हे त्यांच्याइतकं कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. न्यू जर्सीत शोकसभेला दीडदोनशे माणसं जमली होती. बहुतेक माझ्याच वयाची, त्या वेळच्या पाहुण्यांची मुलं. एकेक जण उभा राहून आपल्या आईवडिलांची आठवण सांगत होता. जोगळेकर बोलले, लोक हसले, मग रडले. नीतानं माझ्याकडे पाहून खूण केली, अविनाशदादा, यू वाँट टु से समथिंग? मी उठलो. माझी मुलगी आणि बायको पहिल्या रांगेत बसल्या होत्या. काय बोलायचं ते मी गाडीत मनाशी घोकून आलो होतो. काकूंची बाकं, त्यांचं ड्रायव्हिंग, हिंगाचा वास. ते सगळं बाजूला राहिलं.

मी म्हणालो, माझी आई इंदू आणखी राहू शकली असती. सरकारनं अडवलं नव्हतं. मी अडवलं.

मागच्या रांगेत कुणीतरी माझ्याच वयाचा माणूस खाली बघू लागला. त्यानंतर मी काकूंविषयी बोलायला सुरुवात केली.